डोंगराळ मुलखांतील लहान गुत्तेदार

गुत्तेदार हा शब्द उच्चारला कीं शहरांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें उंच इमारती, अवाढव्य यंत्रें आणि कोट्यवधि रुपयांचे करारमदार उभे राहतात. परंतु खेड्यापाड्यांतून जें बांधकाम होतें तें बहुतेक या मोठ्या मंडळींच्या हातून होत नाहीं. शाळेच्या दोन खोल्या, ओढ्यावरची मोरी, पाड्यापर्यंतचा अर्ध्या कोसाचा रस्ता, विहिरीचें बांधकाम, एखादा सिमेंटचा बंधारा, एवढ्याच बेताचीं कामें घेणारा लहान गुत्तेदार तें करतो. त्याची कचेरी म्हणजे खांद्यावरची पिशवी. कारकून तोच, खजिनदार तोच, देखरेख करणाराहि तोच. या धंद्याचें अंतरंग समजून घ्यावयाचें असेल तर पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा हे दोन तालुके त्यास फार सोयीचे आहेत. कारण तेथील हवा, पाणी, वाट आणि दारिद्र्य यांमुळें धंद्यांतील प्रत्येक चूक लवकर व उघडपणें फळास येते.

जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याच्या राजधानीचें गांव होतें. त्या वर्षीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होऊन ठाणें जिल्ह्यांत आलें. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हां हे दोन्ही तालुके त्यांत गेले. मनोरहून विक्रमगडावरून निघालेला रस्ता जव्हार व मोखाडा असा चढत चढत त्र्यंबकेश्वराकडे जातो. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी या आदिवासी जमातींची येथें मुख्य वस्ती. गांव म्हणजे घरांचा एकच पुंजका नव्हे. टेकड्यांच्या अंगाखांद्यावर विखुरलेले पाडे मिळून एक गांव होतें. भात, नागली व वरई हीं येथील पिकें. पावसाळ्यांत येथें अतोनात पाऊस कोसळतो, पण काळा खडक आणि तीव्र उतार यांमुळें तें पाणी मुलखांत टिकत नाहीं. मुंबई शहरास पाणी पुरविणारें मध्य वैतरणा धरण २०१२ सालीं मोखाडा तालुक्यांतच कोचाळे येथें पुरें झालें. त्याची उंची सुमारें १०२ मीटर आहे. तरीहि त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा लागतात. ही विसंगति केवळ हळहळण्याची गोष्ट नाहीं. गुत्तेदाराच्या हिशेबांत ती रोज उभी असते, कारण सिमेंटलाहि पाणी लागतें.

या मुलखांत काम करणाऱ्यास तीन पंचांगें एकाच वेळीं पाहावीं लागतात. पहिलें पावसाचें. जून ते सप्टेंबर रस्त्याचें व पायाचें काम बंद. ट्रक पाड्यापर्यंत पोंचत नाहीं, खणलेला चर रात्रींतून भरतो. दुसरें पंचांग मजुरांचें. भात व नागली घरांत येईपर्यंत कोणीहि शेत सोडून येत नाहीं. वाघबारस व दिवाळी झाली कीं हात मोकळे होतात. पण नेमक्या त्याच वेळीं वसई, भिवंडी, कल्याण इकडच्या वीटभट्ट्यांचे मुकादम पाड्यांवर येतात आणि कुटुंबेंच्या कुटुंबें मुलाबाळांसह त्यांच्याबरोबर निघून जातात. गेलेलीं माणसें होळीस घराकडे येतात; त्यानंतर बोहाडा व लग्नसराई सुरू होते. तिसरें पंचांग सरकारी तिजोरीचें. सरकारचें वर्ष ३१ मार्चला संपतें, म्हणून मंजुरी, कार्यारंभ आदेश व पैसा यांची गर्दी वर्षाच्या अखेरीस होते, आणि जेव्हां विहिरीला पाणी नसतें तेव्हां काम करण्याची घाई वरून येते. या तिन्ही पंचांगांचा मेळ घातला तर कामास खरोखर अनुकूल असा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फार तर मार्चचा पहिला पंधरवडा, एवढाच उरतो. अनुभवी गुत्तेदार पावसाळ्याचे महिने रिकामे जाऊं देत नाहीं. कागदपत्रें, नोंदणीचें नूतनीकरण, जुन्या देयकांचा पाठपुरावा, खडी-वाळूचे दर ठरविणें, फळ्या व टेकू दुरुस्त करणें हीं कामें तो तेव्हांच उरकतो. दिवाळीनंतर सुचलेली तयारी त्यास एक महिन्यानें महाग पडते, आणि चार महिन्यांतील एक महिना म्हणजे पाव हंगाम.

काम हातीं येण्याची रीत थोडक्यांत अशी असते. सरकारी खातें किंवा जिल्हा परिषद आपल्या दरसूचीवरून कामाचें अंदाजपत्रक करते. त्यावर निविदा मागविल्या जातात. निविदेबरोबर बयाणा रक्कम भरावी लागते. काम मिळाल्यावर सुरक्षा ठेव. काम जसजसें होईल तसतशी अभियंता त्याची मापें घेऊन मोजमाप पुस्तकांत लिहितो, आणि त्या पुस्तकावरून चालू देयकें निघतात. काम संपल्यावरहि ठराविक मुदतीपर्यंत त्यांतील दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी गुत्तेदारावर राहते व ठेव तोंवर अडकलेली असते. नवा मनुष्य निविदेचा दर ठरवितांना शेजाऱ्याकडे पाहतो. त्यानें दहा टक्के कमी भरले तर आपण बारा भरूं, अशी त्याची ईर्षा. जुना मनुष्य आधीं जागा पाहून येतो. वाळू कोठून येईल, शेवटचा चढ भरलेला ट्रक चढेल काय, न चढल्यास माल डोक्यावरून किती अंतर न्यावा लागेल, जवळची विहीर कोणत्या महिन्यांत आटते, खणतांना मुरूम लागेल कीं खडक, हे प्रश्न तो स्वतः पाड्यावर जाऊन विचारतो. घरीं बसून केलेल्या हिशेबांत ही शेवटल्या फर्लांगाची वाहतूक बहुधा धरलेली नसते, आणि डोंगरांत कित्येकदां सगळा नफा त्या फर्लांगांतच खर्च होतो.

दुसरा खड्डा व्याजाचा. समजा, १० लाख रुपयांचें काम आहे व सर्व खर्च जाऊन ८० हजार रुपये सुटतील असा अंदाज आहे. कामांत गुत्तेदाराचे ६ लाख रुपये गुंतले, आणि देयक तीन महिने लांबलें. ही रक्कम त्यानें खाजगी सावकाराकडून दरमहा शेंकडा दोन दरानें आणली असेल तर तीन महिन्यांचें व्याज ३६ हजार होतें. म्हणजे जवळजवळ निम्मा नफा भिंतींत नव्हे, नुसता वाट पाहण्यांत गेला. म्हणून निविदा भरतांना ‘काम किती खर्चाचें’ याबरोबर ‘पैसा किती दिवस अडकेल’ हा हिशेब करावा लागतो. एकाच वेळीं चार कामें घेणारा लहान गुत्तेदार बहुधा याच ठिकाणीं बुडतो. पहिल्या कामाचा पैसा दुसऱ्यांत, दुसऱ्याचा तिसऱ्यांत, अशी साखळी सुरू होते; मग एक देयक अडलें कीं चारहि कामें थांबतात. आपल्या भांडवलांत दोनच कामें बसत असतील तर तिसरें चालून आलें तरी सोडून देणें, हा या धंद्यांतील कठीण परंतु पहिला संयम होय.

खर्चांत कपात करावयाची म्हटली कीं हात प्रथम मजुरीकडे जातो. या मुलखांत त्या प्रश्नास इतिहास आहे आणि तो जाणल्यावांचून येथें धंदा करतां येत नाहीं. १९३८ सालीं सायमिंग्टन या अधिकाऱ्यानें मुंबई प्रांतांतील डोंगरी जमातींविषयीं सरकारास अहवाल दिला. जमीनदार, सावकार व जंगलांचे ठेकेदार यांनीं चालविलेल्या पिळवणुकीचें वर्णन त्यांत आहे. पुढें १९४५ पासून श्यामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं किसान सभेनें ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांस वेठीविरुद्ध उभें केलें. १९४६ सालीं गवतकापणी व जंगलतोड यांच्या मजुरीसाठीं संप झाले. १९४७ सालीं बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत निराळा मार्ग निघाला: जंगलांतील कूप ठेकेदारास न देतां तोडणाऱ्या मजुरांच्याच सहकारी संस्थांस द्यावेत. या जंगल कामगार संस्थांनीं तोड, वाहतूक, हिशेब हीं कामें, म्हणजे ठेकेदाराचाच धंदा, मजुरांच्या नांवानें केला. त्यांत उणीवा राहिल्या असतील. परंतु एक गोष्ट त्यांनीं दाखवून दिली. ठेका घेणें हें मूळांत पाप नव्हे. मजुराला हिशेब दिसत नाहीं आणि मजुरी त्याच्या हातीं वेळेवर पडत नाहीं, दोष तेथें आहे.

आजचा वीटभट्टीचा मुकादम मजुरास ‘उचल’ देऊन बांधतो. पावसाळ्यांत घरांतलें धान्य संपतें, आजारपण येतें, त्या वेळीं कांहीं हजार रुपये हातीं ठेवावे आणि दिवाळीनंतर अंगमेहनतीनें फेडून घ्यावे, अशी ही पद्धत आहे. कर्जापायीं माणसास कामाशीं जखडणें १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें गुन्हा ठरलें. तरी गरज आणि उचल यांची सांगड अद्याप पुरती सुटलेली नाहीं. स्थानिक लहान गुत्तेदार उचलीच्या बाबतींत भट्टीवाल्याशीं स्पर्धा करूं शकत नाहीं, आणि करूंहि नये. त्याच्यापाशीं देण्यासारखी दुसरी वस्तु आहे: घराजवळचें काम. संध्याकाळीं मजूर आपल्या पाड्यावर परत जातो, म्हातारीं माणसें एकटीं पडत नाहींत, मुलांची शाळा सुटत नाहीं. परंतु या सोयीची किंमत मजुरी वेळेवर मिळाली तरच राहते. ‘देयक निघालें कीं देतों’ हें उत्तर दोन आठवडे ऐकल्यावर मजूर तिसऱ्या आठवड्यांत भट्टीवर गेलेला असतो, आणि त्याच्याबरोबर शाळेच्या पटावरचीं त्याचीं मुलेंहि गेलेलीं असतात. ज्या शाळेच्या खोल्या बांधावयाच्या, तिचींच मुलें गुत्तेदाराच्या गैरहिशेबानें गांव सोडून जावीं, याहून मोठी नामुष्की कोणती?

यासाठीं शहाणे गुत्तेदार एक नियम पाळतात: चार आठवड्यांच्या मजुरीइतकी रक्कम हातीं असल्याशिवाय पाया खणावयाचा नाहीं, आणि त्या रकमेस सिमेंट किंवा सळईसाठीं हात लावावयाचा नाहीं. मालवाला दुकानदार उधारी देतो, कारण त्याच्यापाशीं इतर गिऱ्हाइकांचा पैसा असतो. मजुरापाशीं दुसरा पैसा नसतो. मजुरीचा दिवस आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशीं ठेवावा, म्हणजे तेलमीठ रोखीनें घेतां येतें. पैसे मुकादमाच्या हातीं एकगठ्ठा न देतां ज्याचे त्यास, आणि स्त्रियांची मजुरी त्यांच्याच हातीं किंवा त्यांच्याच खात्यांत द्यावी. पुरुष व स्त्री एकाच कामावर असतील तर दर एकच. हजेरीची वही रोज सकाळीं भरावी व संध्याकाळीं वाचून दाखवावी. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास आपले दिवस मात्र बिनचूक आठवतात. रोज वाचल्यानें वाद एका दिवसापुरता राहतो, महिन्याअखेर वाचल्यास तो महिन्याचा होतो. बांधकाम मजुरांसाठीं १९९६ च्या कायद्यानें कल्याण मंडळाची सोय झाली, आणि त्यासाठीं वर्षांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागूं लागला. असा दाखला गुत्तेदाराच्या हजेरीवरूनच देतां येतो. वही नीट ठेवण्यास यापेक्षां चांगलें कारण नाहीं.

आतां रोजच्या कामाची शिस्त. सकाळीं सात वाजतां कामावर पोंचणारा गुत्तेदार प्रथम तीन गोष्टी मोजतो: माणसें, सिमेंटच्या गोण्या आणि पाण्याचीं पिंपें. वाळू-खडी ब्रासनें विकली जाते; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारें २.८३ घनमीटर. ट्रकचा हौदा १२ फूट लांब व ७ फूट रुंद असेल आणि माल तीन इंच कमी भरला असेल तर २१ घनफूट, म्हणजे ब्रासचा पांचवा हिस्सा गेला. हें तीन इंच डोळ्यास दिसत नाहींत, टेपनें दिसतात. सळईचें वजन काढण्याची युक्ति प्रत्येक मिस्त्रीस ठाऊक असते: मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्यास १६२ नें भागावें, म्हणजे एका मीटरचें वजन किलोग्रॅममध्यें मिळतें. १२ मिलिमीटरची सळई या हिशेबानें मीटरला ०.८९ किलो भरते. दुकानदाराच्या पावतीवरचें वजन आणि हें वजन यांत फरक पडला तर गाडी रिकामी होण्यापूर्वींच बोलावें. माल उतरल्यावरचें बोलणें भांडण ठरतें.

सिमेंट हा ओल्या हवेंत कुजणारा माल आहे. तीन महिने पडून राहिल्यास त्याची ताकद सुमारें एक पंचमांशानें कमी होते. म्हणून गोण्या जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, दहांहून उंच थर न लावतां रचाव्यात. आधीं आलेली गोणी आधीं वापरावी. आणि पावसाळ्यापूर्वीं साठा शिल्लक राहणार नाहीं असा बेत करावा. परंतु बांधकाम बिघडतें तें शिळ्या सिमेंटपेक्षां पाण्यामुळें अधिक, आणि तेंहि दोन्ही बाजूंनीं. कालवतांना पाणी जास्त पडतें, कारण पातळ काँक्रीट पसरण्यास सोपें; नंतर पाणी कमी पडतें, कारण हंडा लांबून आणावा लागतो. एम-२० प्रतीच्या साध्या मिश्रणांत ५० किलोच्या एका गोणीस ३० लिटरपर्यंतच पाणी घालावें असें भारतीय मानक सांगतें. उलट बांधून झाल्यावर तें किमान सात दिवस, आणि आजकाल सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटास किमान दहा दिवस, सतत ओलें राहिलें पाहिजे. कडक उन्हांत त्याहूनहि अधिक. हें पाणी मारण्याचें काम दिसण्यास क्षुल्लक आहे. पण बंधारा दोन पावसाळ्यांत झिरपूं लागतो किंवा वीस वर्षें टिकतो, हें बऱ्याच अंशीं या दहा दिवसांत ठरतें.

मोखाड्याच्या उन्हाळ्यांत या तांत्रिक नियमास नैतिक बाजू येते. एप्रिलमध्यें बांधकामास पाणी मारावयाचें म्हणजे तें पाड्याच्या पिण्याच्या विहिरींतूनच आणावें लागतें. तें आणलें तर बायकांच्या हंड्यांतलें पाणी जातें. न आणलें तर त्याच पाड्यासाठीं बांधलेलें काम कच्चें राहतें. या पेंचांतून मार्च उलटल्यावर सुटका नाहीं. सुटका डिसेंबरांतच करावी लागते. काँक्रीटचीं कामें आधीं घ्यावीं, पाणी फारसें न लागणारीं दारें-खिडक्या, रंग, दगडी पिचिंग, मुरमाची भर हीं मागाहून. काँक्रीटवर गोणपाट किंवा भाताचा पेंढा अंथरावा, म्हणजे थोड्या पाण्यांत ओल टिकते. आणि घाईचा आदेश मे महिन्यांत आला तर पाणी बाहेरून आणण्याचा खर्च धरूनच काम स्वीकारावें, नाहींतर मुदतवाढ लेखी मागावी. तोंडी मागितलेली मुदतवाढ पुढें दंडाच्या वेळीं कोणास आठवत नाहीं.

संध्याकाळचीं तीन कामें कधीं चुकवूं नयेत. दिवसाचा खर्च त्याच दिवशीं वहींत उतरविणें. झालेल्या कामाचीं मापें घेऊन लिहिणें. आणि जें उद्यां मातीखालीं किंवा काँक्रीटखालीं झांकलें जाणार आहे त्याचें छायाचित्र काढून ठेवणें. पायाची खोली, सळयांची बांधणी, नळाखालचा थर हीं एकदां झांकलीं कीं मोजतां येत नाहींत. अभियंत्यास ती झांकण्यापूर्वीं बोलावणें हें गुत्तेदाराचें कर्तव्य आणि त्याचें संरक्षणहि. पूर्वीं गुत्तेदार खिशांत टेप व पेन्सिल बाळगीत. आतां भ्रमणध्वनीनें काम सोपें केलें आहे. मात्र डोंगरांत त्याचें जाळें सर्वत्र पोंचत नसल्यामुळें कागदाची वही अजून निवृत्त झालेली नाहीं. घरखर्चाचा पैसा व कामाचा पैसा यांचीं खातीं निराळीं असावीं; देयकांतून होणारी आयकराची कपात, मजूर उपकर, ठेव यांची नोंद प्रत्येक देयकाबरोबर करावी. वर्षाअखेर ‘पैसा कोठें गेला’ असें विचारणाऱ्यास बहुधा तो कापला गेल्याची पावती सांपडत नाहीं एवढेंच झालेलें असतें.

या दोन्ही तालुक्यांत गुत्तेदाराचा आणखी एक मालक असतो, तो म्हणजे पाडा. हा अनुसूचित क्षेत्राचा मुलूख असल्यामुळें १९९६ च्या पेसा कायद्यानें येथील ग्रामसभेस विशेष अधिकार दिले आहेत. काम सुरू करण्यापूर्वीं ग्रामसभेंत किंवा निदान पाड्याच्या बैठकींत जाऊन काय बांधावयाचें, किती लांबीरुंदीचें, किती दिवसांत, आणि मजूर कोणते घ्यावयाचे हें उघड सांगणारा गुत्तेदार आपली अर्धी देखरेख फुकट करून घेतो. ज्यांना बंधाऱ्याची लांबी ठाऊक आहे ते रात्रीं सिमेंटची गोणी हलूं देत नाहींत, आणि गुत्तेदारालाहि भिंत आंखूड करूं देत नाहींत. पाणी कोठून फुटतें, ओढा कोणत्या वर्षीं कोठवर चढला होता, हें ज्ञान अंदाजपत्रकांत नसतें, तें म्हाताऱ्या वारल्यापाशीं असतें. मोरीचा नळ दोन फूट वर किंवा खालीं बसवावा, हें त्यास विचारलें तर दुरुस्तीचा खर्च वांचतो.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस या सर्वांचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्यांचा गुत्तेदाराशीं संबंध घर दुरुस्त करतांना येतो, आणि तेथें प्रश्न हेच असतात. सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम देतांना तो दर कोणाच्या मजुरींतून कापला आहे, हें पाहावें. ठरलेल्या टप्प्याचा पैसा ठरलेल्या दिवशीं द्यावा. कारण मालकानें लांबविलेला आठवडा पुढें दहा घरांच्या चुलींपर्यंत पोंचतो. झांकलें जाणारें काम झांकण्यापूर्वीं पाहून घ्यावें, आणि प्लास्टरवर पाणी मारण्याचे दिवस घाईनें कमी करूं नयेत. शिवाय मुंबईच्या नळास येणाऱ्या पाण्यापैकीं कांहीं कोचाळ्याच्या धरणांतून येतें. त्याच धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर या हिवाळ्यांतहि कोणी लहान गुत्तेदार विहिरीचा कांठ बांधीत असेल, आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळीं हजेरीची वही उघडून एकेक नांव वाचीत असेल.